पडद्यापलीकडचे रसायनशास्त्र : ऑनलाईन वर्गात पहिले धडे कसे द्यावेत?

नववी-दहावीचे वर्ष सुरू झाले की घरातील वातावरणच बदलून जाते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. समोर वही उघडून मुलगी बसलेली असते. पलीकडून शिक्षकांचा आवाज येतो, ''समजलं का?'' चार-पाच मुले एकदम म्हणतात, ''हो सर!'' स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या आईलाही हायसे वाटते. परंतु घटक चाचणीचा पेपर हाती येतो, तेव्हा त्याच मुलीने पाण्याचे रेणुसूत्रच बदलून समीकरण 'जुळवलेले' आढळते. ''हो सर'' आणि हा पेपर यांच्या दरम्यान नेमके काय हरवले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना रातोरात मोबाईलच्या पडद्यावरून शिकवण्याची वेळ आली. आपल्या राज्यात ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावी व शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले. शाळेच्या घंटा वाजल्या, तरी ऑनलाईन वर्ग मात्र पूर्णपणे थांबले नाहीत. संध्याकाळच्या शिकवण्या, अतिवृष्टीच्या सुटीतील तासिका, दूरच्या शिक्षकाकडून घेतलेले मार्गदर्शन, अशा अनेक रूपांनी ते आपल्या घरांत टिकून आहेत. यास्तव, 'ऑनलाईन शिक्षण चांगले की वाईट?' या वादापेक्षा 'ते चांगले कसे करता येईल?' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. रसायनशास्त्राच्या बाबतीत तर तो विशेष महत्त्वाचा ठरतो. परिचारिका, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, शेतीशास्त्र अशा कितीतरी वाटा या विषयाच्या दारातून जातात आणि पहिल्याच वर्षी मनात बसलेली भीती ते दार कायमचे बंद करू शकते.

रसायनशास्त्र अवघड का वाटते?

ग्लासगो विद्यापीठातील रसायनशास्त्र-शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात या प्रश्नाचे मार्मिक उत्तर दिले आहे. त्यांच्या मते रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरते. पहिली पातळी डोळ्यांना दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या पदार्थांची. दुसरी, कोणत्याही साध्या भिंगाने न दिसणाऱ्या अणू, रेणू व आयनांची. तिसरी पातळी संज्ञा, सूत्रे आणि समीकरणांची. अनुभवी शिक्षक बोलता बोलता या तिन्ही पातळ्यांवर सहज ये-जा करतो. नवशिक्या विद्यार्थ्याची मात्र त्या धावपळीत दमछाक होते.

आपल्या परिचयाचे मिठाचेच उदाहरण घेऊ. वसई, विरार, भाईंदरच्या परिसरात मिठागरे पाहिलेल्या माणसाला मीठ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. समुद्राचे पाणी खाचरात साठते, उन्हाने आटते आणि पांढरे स्फटिक मागे राहतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सर्व प्रकारचे मिळून सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ही झाली पहिली पातळी. तेच मीठ पाण्यात विरघळते, तेव्हा सोडियमचे धनप्रभारित व क्लोरीनचे ऋणप्रभारित आयन एकमेकांपासून विलग होऊन पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरतात. ही दुसरी पातळी. 'एनएसीएल' ही चार रोमन अक्षरे म्हणजे तिसरी पातळी.

शाळेतील प्रयोगशाळेत निदान चंचुपात्र, परीक्षानळी, लिटमस कागद तरी समोर असतात. ऑनलाईन वर्गात पहिली पातळी बहुधा गळून पडते, कारण पदार्थ समोर नसतो. दुसरी पातळी एखाद्या आकृतीपुरती उरते. राहतात त्या केवळ संज्ञा. पडद्यावर अक्षरे दाखवणे सोपे असल्यामुळे शिक्षकही नकळत तिकडेच वळतो. ज्या मुलाने पदार्थ पाहिला नाही, कणांची कल्पना केली नाही, त्याला ही अक्षरे म्हणजे अर्थहीन पाठांतर वाटले, तर त्यात त्याचा काय दोष?

दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. वर्गात फिरणाऱ्या शिक्षकाला कोणाचे पेन थांबले, कोणाच्या कपाळावर आठी पडली, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, हे दिसते. पडद्यावर तो फक्त नावांच्या चौकटी पाहतो. तेथे मौन म्हणजे समजले असा अर्थ सहज लावला जातो. थोडक्यात, ऑनलाईन वर्गात दोन गोष्टी अदृश्य होतात : पदार्थ आणि विद्यार्थ्याचा विचार. त्या दोन्ही पुन्हा दिसू लागतील अशी व्यवस्था करणे, हेच अशा वर्गाच्या शिक्षकाचे मुख्य कार्य होय.

प्रारंभ पदार्थापासून

सुदैवाने आपले स्वयंपाकघर ही एक बऱ्यापैकी प्रयोगशाळा आहे. आम्ल व आम्लारी यांचा पहिला धडा हळदीपासून सुरू करता येईल. आदल्या दिवशी मुलांना सांगावे की, हळदीची पातळ पेस्ट पांढऱ्या कागदावर लावून तो वाळवून ठेवा. वर्ग सुरू झाल्यावर सर्वांनी एकाच वेळी त्या कागदावर लिंबाच्या रसाचा एक थेंब, साध्या पाण्याचा एक थेंब आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. लिंबू व पाणी यांनी पिवळा रंग कायम राहतो. साबणाचे पाणी पडताच तांबूस तपकिरी डाग उमटतो. त्या डागावर लिंबाचा रस टाकला की पिवळा रंग परत येतो. रश्शाचा डाग पडलेला सदरा साबणाने धुताना लाल का होतो, हे कोडे त्या क्षणी सुटते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लारीधर्मी द्रावणात आपला रंग बदलते. म्हणूनच हळद हा एक नैसर्गिक दर्शक आहे. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्कही असाच उपयोगी पडतो. तो आम्लात गडद गुलाबी, तर आम्लारीत हिरवट दिसतो.

येथे ऑनलाईन वर्गाचा एक लाभ लक्षात घेण्याजोगा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांना एकाच बाटलीतील द्रावण मिळते आणि उत्तरही एकच येते. ऑनलाईन वर्गात चाळीस घरांतील चाळीस साबण असतात. कोणाचा हात धुण्याचा द्रवरूप साबण हळदीचा रंग बदलतच नाही. तो मुलगा गोंधळून म्हणतो, ''सर, माझा प्रयोग चुकला.'' वास्तविक त्याचा प्रयोग चुकलेला नसतो. अनेक द्रवरूप साबण उदासीनतेच्या जवळचे बनवलेले असतात, तर कपड्यांच्या साबणाची वडी सहसा आम्लारीधर्मी असते. अशा वेळी शिक्षकाने सर्वांच्या निरीक्षणांचा एक तक्ता पडद्यावर तयार करावा. एकाचा अपवाद साऱ्या वर्गाचा धडा होतो. निरीक्षण लपवायचे नसते, नोंदवायचे असते, हा विज्ञानाचा पहिला संस्कारही त्यातून घडतो.

समीकरण ताटलीत मांडावे

पुढची अडचण समीकरणाच्या संतुलनाची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते. विद्यार्थी डावीकडे 'एच टू' आणि 'ओ टू' लिहितो, उजवीकडे 'एच टू ओ'. ऑक्सिजनचा एक अणू जास्त झालेला पाहून तो उजवीकडच्या 'ओ' खाली खुशाल २ लिहितो. आकडे जुळतात, पण पाणी नाहीसे होते. कारण 'एच टू ओ टू' म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साईड. जखम स्वच्छ करण्यासाठी ज्याचे सौम्य द्रावण वापरले जाते, तो हा पदार्थ पिण्याच्या पाण्याहून सर्वस्वी वेगळा आहे.

''पायाचा अंक बदलू नका'' असे शंभरदा सांगण्यापेक्षा मुलांना एक ताटली, मूठभर मूग आणि मूठभर हरभरे घेऊन बसवावे. मूग म्हणजे हायड्रोजनचा अणू, हरभरा म्हणजे ऑक्सिजनचा. दोन मूग एकत्र ठेवले की हायड्रोजनचा एक रेणू, दोन हरभरे ठेवले की ऑक्सिजनचा एक रेणू. आता पाण्याचा रेणू करा : एक हरभरा, दोन मूग. एक हरभरा एकटाच उरतो. त्याला त्याच रेणूत कोंबले तर तो पाण्याचा रेणू राहणार नाही, हे मुलाच्या हातालाच कळते. मग उपाय एकच, हायड्रोजनचा आणखी एक रेणू आणायचा. चार मूग, दोन हरभरे आणि पाण्याचे दोन रेणू. काहीही वाया गेले नाही, काहीही नव्याने निर्माण झाले नाही. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम ताटलीत उतरला. यानंतरच वहीत 'दोन एच टू अधिक ओ टू' असे समीकरण लिहावे. ज्यांच्या मोबाईलला बऱ्यापैकी इंटरनेट मिळते, त्यांच्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या उपक्रमाची विनामूल्य अनुरूपणे मराठीतही आहेत. नोबेल विजेते पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन यांनी २००२ साली हा उपक्रम सुरू केला. तथापि हाताने मूग मांडल्यानंतर ती पाहिल्यास त्यांचा खरा उपयोग होतो.

संज्ञांची भीतीही थोड्या इतिहासाने कमी होते. सोडियमची संज्ञा 'एनए' का, 'एसओ' का नाही, असे मराठी माध्यमातील मूल विचारते आणि बहुधा उत्तराऐवजी ''तशीच पाठ कर'' असे ऐकते. ही संज्ञा 'नॅट्रिअम' या लॅटिन नावावरून आली आहे. लोखंडाची 'एफई' ही 'फेरम'वरून, चांदीची 'एजी' ही 'अर्जेंटम'वरून, सोन्याची 'एयू' ही 'ऑरम'वरून. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अक्षरांची ही पद्धत रूढ केली. कारण कळले की पाठांतराचे ओझे निम्मे होते.

'मोल' या संकल्पनेबाबतही तेच. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात, हे वाक्य ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. त्याला एक चमचा पाणी समोर घ्यायला सांगावे. ५ मिलिलिटरचा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पाणी. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा, म्हणजे चमच्यात पाव मोलहून थोडे अधिक पाणी आहे. त्यातील रेणू जगातील आठशे कोटी माणसांनी अहोरात्र, प्रत्येकाने सेकंदाला एक याप्रमाणे मोजायचे ठरवले, तर मोजणी संपायला सुमारे साडेसहा लाख वर्षे लागतील! आता ती संख्या केवळ वहीतील आकडा राहत नाही.

विद्यार्थ्याचा विचार कसा पाहावा?

१८६०-६१ च्या नाताळात थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्याने दिली. त्यांचा विषय होता साधी मेणबत्ती! आजच्या ऑनलाईन वर्गातही शिक्षकाला ती वापरता येईल. मेणबत्ती पेटवून त्याने विचारावे, ''जळते ते काय? वात की मेण?'' मात्र उत्तर लगेच सांगू नये. प्रत्येकाने आपले भाकीत कारणासह पाटीवर किंवा कागदावर लिहावे आणि ''एक, दोन, तीन'' म्हणताच सर्वांनी ते एकदम कॅमेऱ्यासमोर धरावे. ज्यांचा कॅमेरा बंद आहे, त्यांनी उत्तर लिहून तयार ठेवावे व त्याच क्षणी संदेशाने पाठवावे. असे केल्याने हुशार मुलाच्या उत्तराआड इतरांना लपता येत नाही. नंतर शिक्षकाने ज्योत विझवून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला जळती काडी लावावी. ज्योत त्या रेषेतून खाली उडी घेऊन वातीवर येते. तो 'धूर' म्हणजे मेणाची वाफ असून खऱ्या अर्थाने तीच जळते. आपण काय लिहिले होते आणि काय दिसले, यातील अंतर ज्याला जाणवले, त्याला तो धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आधी भाकीत, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण, हा क्रम ऑनलाईन वर्गाला विशेष मानवतो. त्याला जोडून शिक्षकाने आणखी तीन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, ''समजलं का?'' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी ''उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत काय असते?'' असा नेमका प्रश्न विचारावा. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' असे उत्तर देणारी मुले पुष्कळ भेटतात. वास्तविक ती पाण्याचीच वाफ असते. दुसरी, प्रश्न विचारल्यावर थांबावे. आवाज पोहोचायला वेळ लागतो आणि विचार पोहोचायला त्याहून अधिक. तिसरी, मुलांकडून कणांची चित्रे काढून घ्यावीत. मीठ विरघळण्यापूर्वी आणि विरघळल्यावर, अशी दोन चित्रे पाहिली की मुलाच्या मनातील गोंधळ शिक्षकाला क्षणात उमगतो.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन डब्यांवर फळी ठेवून तिच्या कडेवरून मोबाईल खाली वहीकडे रोखला की लिहिता हात दिसतो. रंगबदल दाखवताना मागे पांढरा कागद धरावा. पंखा बंद केला की आवाज स्वच्छ होतो. वेळेचेही भान हवे. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या, दिवसाला फार तर चार तासिका सुचवल्या होत्या. ४० मिनिटांच्या तासिकेत ५ मिनिटे मागील धड्याची उजळणी, १० मिनिटे पदार्थाचे निरीक्षण, १० मिनिटे कणांची चित्रे, १० मिनिटे सूत्रे व समीकरण आणि अखेरची ५ मिनिटे प्रत्येकाने उत्तर द्यायचा एक प्रश्न, अशी विभागणी करता येईल. एका तासिकेत एकच नवी कल्पना पुरे.

सुरक्षितता सर्वांत आधी

घरच्या प्रयोगांत शिक्षक शेजारी नसतो, ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये. संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घट्ट बुचाच्या बाटलीत मिसळू नये. कार्बन डायऑक्साईडच्या दाबाने बाटली फुटू शकते. पानाचा चुना डोळ्यात गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होते, म्हणून चुन्याच्या निवळीचा प्रयोग शिक्षकानेच करून दाखवावा. ज्योत, तीव्र आम्ल व उष्णता यांचे सर्व प्रयोगही मुलांनी केवळ पाहायचे, करायचे नाहीत. प्रयोगासाठी घेतलेली कोणतीही वस्तू चाखू नये आणि शेवटी हात धुवावेत. तसेच वर्गाचे चित्रीकरण पालकांच्या संमतीशिवाय जतन करू नये.

ऑनलाईन वर्गाच्या मर्यादाही प्रांजळपणे मान्य केल्या पाहिजेत. ब्यूरेटची तोटी बोटाने हळुवार फिरवून अखेरचा थेंब रोखणे किंवा परीक्षानळी तापवताना तिचे तोंड कोणाकडेही रोखलेले नाही याची दक्षता घेणे, ही कौशल्ये पडद्यावरून येत नाहीत. अमृता विश्व विद्यापीठम् व सी-डॅक यांनी विकसित केलेल्या 'ओलॅब्ज'सारख्या आभासी प्रयोगशाळा पूर्वतयारीला उत्तम आहेत, परंतु त्या प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाहीत. ऑनलाईन शिकलेल्या मुलाला संधी मिळताच खऱ्या प्रयोगशाळेत नेऊन काचेचे पात्र त्याच्या हाती देणे, हे शाळेचे कर्तव्यच आहे.

पालकांनी आणि आपण सर्वांनी काय करावे?

पालकांना रसायनशास्त्र यायलाच हवे असे नाही. वर्ग संपल्यावर ''झाला का क्लास?'' असे विचारण्याऐवजी ''आज काय पाहिलंस? मला दाखव बघू,'' असे म्हणावे. आईला हळदीचा डाग समजावून सांगताना मुलीचा स्वतःचाच धडा पक्का होतो. वर्ग चालू असताना मागून उत्तर सुचवण्याचा मोह मात्र टाळावा. चुकीचे उत्तर शिक्षकापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. ते घरातच दुरुस्त झाले, तर दोष कोठे आहे हे त्याला कधीच कळणार नाही.

घरात एकच मोबाईल आणि शिकणारी मुले तीन, अशी स्थिती आजही अनेक कुटुंबांत आहे. वडील कामावर निघाले की मोबाईलही जातो आणि त्याबरोबर मुलाचा वर्गही. अशी मुले तक्रार करत नाहीत. ती हळूहळू गैरहजर राहू लागतात आणि 'विज्ञान आपल्यासाठी नाही' असे ठरवून मोकळी होतात. शेजारच्या दोन घरांनी मिळून एका टेबलाभोवती मुले बसवली, धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी तासभर इंटरनेट व एक मोठा पडदा उपलब्ध करून दिला, एखाद्या निवृत्त शिक्षकाने तेथे उभे राहून मूग-हरभऱ्यांची ताटली तपासली, तर त्यातील कितीतरी मुले टिकून राहतील. शिक्षकांनीही हजेरीपटावरील गैरहजर नावांना दुसऱ्या दिवशी एक फोन करावा. ''काल दिसला नाहीस, काय झालं?'' एवढ्या विचारपुसीनेही सुटलेला धागा पुन्हा हाती लागतो.

तंत्रज्ञान पुढेही बदलत राहील. आजचे ॲप उद्या जुने होईल. परंतु रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याची रीत बदलणार नाही : आधी पदार्थ पाहावा, मग त्याच्या कणांचा विचार करावा आणि त्यानंतरच त्याचे नाव लिहावे. शिक्षक समोर असो वा पडद्यापलीकडे, हा क्रम सांभाळला आणि गप्प बसलेल्या मुलाकडे आवर्जून लक्ष दिले, तर पुढील चाचणीत ती मुलगी पाण्याला पाणीच राहू देईल. आणि ''समजलं का?'' असे तिला कोणी विचारलेच, तर नुसते ''हो'' म्हणण्याऐवजी ती आपली ताटली पुढे करून म्हणेल, ''बघा ना, सर!''